ब्राउझरपुरता छोटा पीसी घ्यायचाय? प्रोसेसरचं गणित आधी घरी करा

इंदूरात जेल रोडला कॉम्प्युटर घ्यायला गेलं की काउंटरवरचा मुलगा पहिलं विचारतो "बजट कितना है भिया" आणि लगेच दुसरं, "आय थ्री दूँ कि आय फाइव?" आपल्याकडे दोन्हीचं नीट उत्तर नसतं, मग तो जे काढून देतो ते घेऊन आपण घरी येतो. मी गेली काही वर्षं नातेवाइकांना, ओळखीच्या दुकानदारांना, दोन-तीन क्लासवाल्यांना असे छोटे डबे लावून देतोय. डबे म्हणजे ते जेवणाच्या डब्याएवढे पीसी, मॉनिटरच्या पाठीमागे स्क्रूने बसतात, कोणी क्रोमबॉक्स घेतं (गूगलची क्रोमओएस ही सिस्टिम असलेला), कोणी मिनी पीसी, आणि सगळं काम ब्राउझरमध्येच चालतं: मेल, शीट, यूट्यूब, मीटिंग, पोर्टल. त्यात मला एक गोष्ट पक्की कळलीय, की अशा पीसीला फार दणकट प्रोसेसर लागत नाही पण एका मर्यादेच्या खालचा घेतला तर तो रोज छळतो, आणि ती मर्यादा इंटेलच्या आय३, आय५ या नावांवरून अजिबात कळत नाही. कशावरून कळते ते खाली क्रमाने लिहितोय, घाई करू नका, पहिल्या दोन पायऱ्या तर घरबसल्या होतात.

पायरी १ : बाजारात जायच्या आधी एक दिवस स्वतःचं काम बघा

सध्या जो काही पीसी किंवा लॅपटॉप आहे त्यावर क्रोम उघडा, रोजचं काम सुरू करा आणि मधेच शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबा. क्रोमचा स्वतःचा टास्क मॅनेजर उघडतो, त्यात प्रत्येक टॅब किती मेमरी खातोय, किती सीपीयू (म्हणजे प्रोसेसर) खातोय ते ओळीने दिसतं. सीपीयूच्या कॉलमवर क्लिक केलं की सगळ्यात खादाड टॅब वर येतो. लोकांना इथेच पहिला धक्का बसतो, कारण आपल्याला वाटतं पंचवीस टॅब उघडे आहेत म्हणून पीसी मंद आहे, आणि प्रत्यक्षात त्यातले बावीस गप्प बसलेले असतात, दोन-तीनच राबत असतात, एखादी मोठी शीट, एखादी जाहिरातींनी भरलेली बातम्यांची साइट, आणि व्हिडिओ कॉल. गप्प बसलेले टॅब रॅम (म्हणजे मेमरी) खातात, राबणारे प्रोसेसर खातात, हे दोन वेगळे आजार आहेत आणि त्यांची औषधंही वेगळी.

एका कागदावर लिहून काढा: एका वेळी जास्तीत जास्त किती टॅब, व्हिडिओ कॉल रोज आहे का कधीतरी, कॉल चालू असताना दुसरं काही करता का, मॉनिटर एक की दोन. हा कागद खिशात ठेवा, दुकानात उपयोगी पडतो.

पायरी २ : सगळं खरंच ब्राउझरमध्ये होतं ना?

हे विचारायचं राहिलं की पुढचं सगळं वाया. टॅली ब्राउझरमधलं नाही, त्याला विंडोज लागतं. डिजिटल सिग्नेचरचं यूएसबी टोकन वापरत असाल, रिटर्न भरायला, टेंडरला, तर क्रोमओएसच्या नादी लागू नका, विंडोजवालाच मिनी पीसी घ्या. घरात जुना लेझर प्रिंटर असेल ज्याला कंपनीचा स्वतःचा ड्रायव्हर टाकावा लागतो, तोही क्रोमओएसवर बहुतेक चालणार नाही. वायफायवाले अलीकडचे प्रिंटर चालून जातात.

आता सिस्टिमचं बघा, कारण तोच प्रोसेसर विंडोजवर रडतो आणि क्रोमओएसवर हसत चालतो. विंडोज ११ मागे बरंच काही चालू ठेवतं, चार जीबी रॅमवर ते नावापुरतंच चालतं. क्रोमओएसमध्ये ब्राउझरशिवाय फारसं ओझं नसतं आणि रॅम कमी पडायला लागली की ते मेमरीतला मजकूर दाबून लहान करून ठेवतं, त्यामुळे थोड्या रॅममध्येही जास्त तग धरतं. जुन्या पीसीवर टाकायला गूगलचं क्रोमओएस फ्लेक्स फुकट मिळतं, २०२२ साली आलं, त्याला इंटेल किंवा एएमडीचा ६४ बिटचा प्रोसेसर, ४ जीबी रॅम आणि १६ जीबी जागा एवढंच लागतं. फक्त एक, फ्लेक्सवर मोबाइलची अँड्रॉइड ॲप चालत नाहीत, खऱ्या क्रोमबॉक्सवर चालतात. पोरांच्या शाळेचं काहीतरी ॲप लागत असेल तर हे आधी लक्षात घ्या.

पायरी ३ : ब्राउझर प्रोसेसरकडे नक्की मागतो काय

इथे जरा थांबून समजून घ्या, सगळा निर्णय यावरच आहे. क्रोम वेगवेगळ्या साइटना वेगवेगळ्या खोलीत ठेवतो, २०१८ पासून तर सुरक्षेसाठी हे आणखी कडक झालं. म्हणजे जास्त कोअर (प्रोसेसरच्या आतले स्वतंत्रपणे राबणारे भाग) असतील तर वेगवेगळे टॅब वेगवेगळ्या कोअरवर जाऊ शकतात, चांगलंच आहे. पण एका पानाच्या आतला बहुतेक सगळा जावास्क्रिप्टचा कारभार एकाच धाग्यावर, एकाच कोअरवर चालतो. पंगतीत वाढपी आठ असले तरी तुमच्या पानावर भात वाढायला एकच येतो, तो हळू असेल तर बाकीचे सात काय कामाचे? तुम्ही लिंकवर क्लिक केलं आणि पान उघडायला लागलेला वेळ, शीटमध्ये आकडा टाकल्यावर बेरीज बदलायला लागलेला वेळ, हा त्या एका कोअरच्या वेगाचा प्रश्न आहे.

म्हणून दोन गोष्टी बघायच्या आणि याच क्रमाने. आधी एका कोअरची ताकद, मग कोअर किती. आणि कोअर किमान चार, त्याच्या खाली नको. दोन कोअर असले की व्हिडिओ कॉल चालू झाला की एक कोअर त्यातच अडकतो, दुसऱ्यावर स्क्रीन रंगवणं, शीट, व्हॉट्सॲप वेब सगळं येऊन पडतं, मग टाइप केलेलं अक्षर एक सेकंदाने उमटतं. चारच्या वर, सहा, आठ, दहा कोअर, याचा फायदा फक्त ब्राउझर वापरणाऱ्याला फार थोडा दिसतो.

तिसरी गोष्ट टर्बो. पान उघडणं हे दोन सेकंदांचं धावणं असतं, दिवसभराची हमाली नसते, त्यामुळे प्रोसेसर थोडा वेळ किती वर उडी मारू शकतो याला फार किंमत आहे. क्रोमबॉक्समध्ये आलेला सेलेरॉन ५२०५यू बघा, १.९ गिगाहर्ट्झ आणि टर्बो नाहीच, दोन कोअर. त्याच पिढीचा आय३-१०११०यू, कोअर दोनच पण चार थ्रेड (एक कोअर दोन-दोन कामं हाताळतो), आणि गरज पडली की ४.१ गिगाहर्ट्झपर्यंत जातो. माझ्या चार कोअरच्या अटीत हाही बसत नाही, इथे फक्त टर्बोचा फरक दाखवतोय. डबा बाहेरून सारखाच, आतला अनुभव पूर्ण वेगळा. बाराव्या पिढीत तर फरक आणखी वाढला, सेलेरॉन ७३०५ फक्त १.१ गिगाहर्ट्झवर चालतो, टर्बो नाही, आणि आय३-१२२०पी ४.४ पर्यंत जातो. क्रोमबॉक्स घेत असाल तर माझं स्पष्ट मत: सेलेरॉनवरून आय३ वर जायला दिलेले पैसे वसूल होतात, आय३ वरून आय७ वर जायला दिलेले होत नाहीत.

पायरी ४ : नाव पूर्ण वाचा, अर्धं नाही

"आय७ आहे साहेब, एकदम टॉप" असं कोणी म्हटलं की पुढचे आकडे विचारा. आय७-४६००यू, २०१४ च्या क्रोमबॉक्समध्ये यायचा, डॅशनंतरचा ४ म्हणजे चौथी पिढी, दोन कोअर. आय३-८१००टी, आठवी पिढी, चार कोअर, ३.१ गिगाहर्ट्झ. ब्राउझरसाठी मी डोळे मिटून दुसरा घेईन. आणखी एक जोडी लक्षात ठेवा, आय५-७२००यू मध्ये कोअर दोन आणि आय५-८२५०यू मध्ये चार, फक्त एका पिढीचा फरक आहे पण आठव्या पिढीत इंटेलने या छोट्या प्रोसेसरमध्ये कोअर दुप्पट केले. म्हणून जुन्या मालात "आठवी पिढी" ही माझी रेघ आहे. विंडोज ११ सुद्धा इंटेलमध्ये साधारण तिथूनच पुढे चालतं.

आकड्याच्या शेवटच्या अक्षरालाही अर्थ आहे. यू म्हणजे लॅपटॉपचा, वीज कमी खाणारा. टी म्हणजे डेस्कटॉपचाच पण ३५ वॉटच्या आसपास बांधलेला, ऑफिसातून निघालेल्या छोट्या डब्यांत हाच असतो, उदाहरणार्थ आय५-८५००टी, सहा कोअर, फार गुणी प्रोसेसर आहे.

आणि आता बाजारात सगळ्यात जास्त दिसणारा, एन१००. हा २०२३ च्या सुरुवातीला आला, इंटेलने लॅपटॉपमधली पेंटियम आणि सेलेरॉन ही नावंच तेव्हा बंद केली म्हणून त्याच्या पुढे नुसतं "इंटेल प्रोसेसर" असतं आणि लोक गोंधळतात. चार कोअर, ३.४ गिगाहर्ट्झपर्यंत टर्बो, ६ वॉटचा. ताकद साधारण सहाव्या पिढीच्या डेस्कटॉप आय५ च्या आसपास, म्हणजे घरच्या ब्राउझरला भरपूर. एन९५, एन९७, एन१५० हे त्याचेच भाऊबंद, थोडं इकडेतिकडे, त्यात जीव घालू नका. आय३-एन३०५ म्हणजे त्याच छोट्या जातीचे आठ कोअर, नावात आय३ आहे म्हणून नेहमीच्या आय३ सारखा समजू नका.

पण याच एन च्या रांगेत एन४०२० पण बसवलेला असतो, दोन कोअर, जुनी पिढी, आणि डब्यावरचं चित्र अगदी तसंच. एका ओळखीच्या क्लाससाठी मी असे दोन कोअरवाले डबे घ्यायला हो म्हटलं होतं, कारण एकावर यूट्यूब छान चालत होतं. मुलं एका वेळी ऑनलाइन टेस्ट आणि व्हिडिओ लेक्चर दोन्ही उघडायला लागली आणि घड्याळ चालू असलेल्या टेस्टमध्ये पुढचा प्रश्न उघडेना. मुलांचे मार्क गेले त्यात, मला अजून वाईट वाटतं. तेव्हापासून दोन कोअर कोणालाच सांगत नाही, कितीही स्वस्त असो.

पायरी ५ : व्हिडिओसाठी वेगळा विचार

व्हिडिओ उलगडायचं काम प्रोसेसरच्या आत बसलेला ग्राफिकचा भाग करतो, पण त्याला ती भाषा यायला हवी. यूट्यूब बहुतेक व्हीपी९ आणि एव्ही१ मध्ये पाठवतं. इंटेलमध्ये व्हीपी९ नीट यायला लागलं सातव्या पिढीपासून, एव्ही१ अकराव्या पिढीपासून, आणि एन१०० ला दोन्ही येतात. चौथ्या पिढीच्या आय७ ला यातलं काही येत नाही, मग ते सगळं मुख्य कोअर घाम गाळून करतात आणि पंखा सुरू होतो.

तपासायला सोपं आहे. यूट्यूबच्या व्हिडिओवर राइट क्लिक करा, "स्टॅट्स फॉर नर्ड्स" असं येतं, त्यात कोडेक (म्हणजे व्हिडिओची भाषा) कोणता आणि किती फ्रेम गळाल्या ते दिसतं. दोन मिनिटं फुल स्क्रीन चालवून गळलेल्या फ्रेमचा आकडा वाढतच असेल तर तो डबा तुमच्या मॉनिटरसाठी नाही. फोर-के टीव्हीला जोडणार असाल तर एचडीएमआयचं पोर्टही विचारा, जुनं १.४ असेल तर फोर-के मध्ये सेकंदाला ३० फ्रेमच मिळतात आणि माउस घसरत चालल्यासारखा वाटतो, २.० असेल तर ६० मिळतात.

व्हिडिओ कॉलमध्ये मात्र पाठचं धूसर करायची सोय जपून वापरा, चेहरा वेगळा काढायचं काम प्रत्येक फ्रेमला करावं लागतं, कमी ताकदीच्या डब्यावर ती बंद केली की कॉल लगेच सुधारतो.

पायरी ६ : प्रोसेसरवर नसता आळ घेऊ नका

मंद पीसी माझ्याकडे येतो तेव्हा पुष्कळदा गुन्हेगार प्रोसेसर नसतोच. रॅम ४ जीबी असते, किंवा साठवण ईएमएमसी असते, मोबाइलसारखी चिकटवलेली, एसएसडी या वेगवान साठवणीच्या मानाने हळू. आजच्या घडीला ८ जीबी किमान, आणि वीस-पंचवीस टॅबवाल्याला १६. घेताना रॅम बदलता येते का विचारा, काही डब्यांत ती बोर्डावरच डकवलेली असते, मग जन्मभर तेवढीच. एन१०० मध्ये रॅमची वाट एकच आहे, त्यामुळे बहुतेक डब्यांत स्लॉट एकच असतो, आधी ८ घेऊन नंतर आणखी ८ शेजारी लावू असं जमत नाही, काढून १६ ची लावावी लागते. ऑफिसवाल्या टी प्रोसेसरच्या डब्यांत बहुतेक दोन स्लॉट असतात, तिथे दोन्ही भरा, आतल्या ग्राफिकलाही फायदा होतो.

ओळखायचं कसं? विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्सवर जा, सीपीयूच्या आलेखावर राइट क्लिक करून प्रत्येक कोअरचा वेगळा आलेख लावा. एकच कोअर छताला टेकलाय आणि बाकीचे निवांत, तर एका कोअरचा वेग कमी पडतोय. सगळेच टेकलेत तर कोअर कमी आहेत. कोणीच टेकलेलं नाही पण मेमरी नव्वद टक्क्यांच्या वर आणि डिस्क धडधडतेय, तर रॅम घाला, प्रोसेसर बदलायची गरज नाही. क्रोमच्या सेटिंगमध्ये परफॉर्मन्सखाली मेमरी सेव्हर असतो, तोही चालू करून बघा, फुकटचा उपाय आहे.

पायरी ७ : मग कोणी काय घ्यावं

माझी आत्या सुदामा नगरला राहते, सकाळी भजनं, दुपारी मालिका, संध्याकाळी पुण्याच्या नातवाशी व्हिडिओ कॉल, मधे बँक. तिला एन१००, ८ जीबी, २५६ ची एसएसडी लावून दिली. मला म्हणाली, "अरे, याचा आवाजच नाही येत, चालू आहे ना?" तिला याच्यापेक्षा मोठं काही घेऊन देणं म्हणजे पैसे पाण्यात.

मावसभाऊ सीए आहे. मोठमोठ्या शीट, एका वेळी पोर्टलचे दहा टॅब, दोन मॉनिटर, आणि क्लायंटशी कॉल चालू असतानाच शीटमध्ये आकडे बदलायचे. त्याला एन१०० वर बसवलं असतं तर मार्च-सप्टेंबरला रोज फोन आला असता. त्याच्यासाठी आय५-८५००टी चा रिफर्बिश्ड (वापरलेला, नीट करून विकलेला) डबा, १६ जीबी, विंडोजसकट, कारण सिग्नेचरचं टोकन आहे. नवीनच हवं असतं तर बाराव्या पिढीचा आय३-१२२०पी वाला किंवा त्याच्या वरचा सांगितला असता.

भंवरकुआंच्या बाजूला क्लास आणि लायब्ऱ्या पुष्कळ, तिथे वीस-वीस पीसी लागतात, मुलं टेस्ट देतात, व्हिडिओ बघतात. तिथे चार कोअर, ८ जीबी, क्रोमओएस किंवा फ्लेक्स, आणि सगळे एकाच मॉडेलचे, म्हणजे एक बिघडला तर दुसऱ्याचा अडॅप्टर चालतो. विजेचा हिशोब पण इथे दिसतो. समजा जुना टॉवर आणि छोटा डबा यांत ४० वॉटचा फरक आहे, वीस पीसी, रोज आठ तास, महिन्याचे २६ दिवस, म्हणजे १६६ युनिट. आपल्या बिलावरच्या दराने गुणून बघा.

सियागंजातल्या किराणा ठोक दुकानाला नुसतं ऑनलाइन बिलिंग असेल तर एन१०० पुरे. आणि ज्या पोराला क्रोमओएसवर लिनक्स चालू करून प्रोग्रामिंग शिकायचंय त्याला आय५ आणि १६ जीबी द्या, तिथे जास्त कोअर खरंच कामाला येतात, ते काम ब्राउझरचं नाही.

पायरी ८ : किती वर्षं चालेल

क्रोमबॉक्स असेल तर प्रोसेसरच्या आधी अपडेटची शेवटची तारीख बघा. गूगलने २०२३ मध्ये हा काळ दहा वर्षांचा केला, पण दहा वर्षं तुम्ही घेतल्या दिवसापासून नाही मोजत, तो प्लॅटफॉर्म बाजारात आला तेव्हापासून मोजतात. दुकानात चार वर्षं पडून असलेला डबा घेतला तर तुमच्या वाट्याला सहाच. सेटिंगमध्ये अबाउट क्रोमओएसच्या आत ती तारीख लिहिलेली असते, चालू करून दाखवायला सांगा.

विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, त्यामुळे सहाव्या-सातव्या पिढीचे ऑफिसातले डबे ढिगाने बाहेर आलेत आणि स्वस्त मिळतात. फ्लेक्स टाकून ते मजेत चालतात, आठव्या पिढीची माझी रेघ इथे सैल करतो, चार कोअरवाला आय५-६५००टी असेल तर घरच्या कामाला आजही चांगला. फक्त गूगलच्या फ्लेक्सच्या यादीत ते मॉडेल आहे का आणि कधीपर्यंत आहे ते बघून घ्या.

पायरी ९ : इंदूरचा मे महिना विसरू नका

आपल्याकडे मे मध्ये पारा चाळीशी ओलांडतो, आणि पंखा नसलेला डबा बंद लाकडी टेबलात मॉनिटरमागे कोंबला की तापून स्वतःच वेग कमी करतो. मग घेतलेला टर्बो कागदावरच राहतो. ६ वॉट म्हणतात तो आकडा फक्त प्रोसेसरचा, आणि पुष्कळ डबेवाले एन१०० ला त्याहून जास्त वीज घेऊ देतात, वेग चांगला मिळतो पण उष्णताही वाढते. मी तर छोटा पंखा असलेलाच सांगतो, सहा महिन्यांतून एकदा ब्लोअरने धूळ काढायची. मॉनिटरच्या मागे लावताना वर-खाली चार बोटं मोकळी ठेवा.

पायरी १० : दुकानात बसून तपासा

सोबत जुना पीसी न्यायची गरज नाही. घरी निघायच्या आधी क्रोममध्ये ब्राउझरबेंच डॉट ऑर्गवर जाऊन स्पीडोमीटर ३ ही ब्राउझरच्या वेगाची टेस्ट चालवा, काही मिनिटं लागतात, आलेला आकडा त्या कागदावर लिहा. दुकानात नव्या डब्यावर क्रोममध्येच तीच टेस्ट. आकडा दुप्पट आला तर रोजच्या कामात फरक हाताला जाणवतो, थोडाच वाढला तर त्या डब्यासाठी पैसे मोडू नका. मग तीच टेस्ट लागोपाठ तीनदा चालवा, तिसऱ्यांदा आकडा बराच पडला तर डबा तापतोय. दुकानदार कंटाळेल, कंटाळू दे, चहा मागवा.

नंतर तुमच्या कागदावरचे टॅब उघडा, स्वतःच्या मोबाइलवर व्हिडिओ कॉल लावा आणि कॉल चालू ठेवून शीटमध्ये टाइप करा. अक्षर बोटाबरोबर उमटलं पाहिजे. शेवटी सिस्टिमच्या माहितीत प्रोसेसरचं पूर्ण नाव बघा, खोक्यावरच्याशी जुळवा, आणि बिलावर नुसतं "मिनी पीसी आय५" न लिहिता प्रोसेसरचा पूर्ण आकडा, रॅम आणि सीरियल नंबर लिहून घ्या.